रिकामं... असं कोण म्हणालं?

आधीच सांगते, ही रचलेली गोष्ट नाही.

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. हे घडलं ते माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत. माझ्या आत्याला जो ओळखतो, तो तिला खोटारडी म्हणायच्या आधी दार कुठे आहे ते बघून ठेवेल.

आणि हो, भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नाही.

हिवाळ्यातला मंगळवार. भर दुपार. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर माणसं, शेजारच्या छापखान्यात यंत्राची धडधड. अंधार असता तर निदान भास झाला असं तरी म्हणता आलं असतं. आत्या म्हणते, तीही सोय ठेवली नाही मेल्याने.

आमच्या आजोबांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे छोटा काउंटर, मागे कारखाना. कारखाना म्हणजे एकच लांबट खोली. एक खिडकी, खिडकीखाली लाकडी बाक, बाकावर कानशी, पेचकस आणि तेलाने काळी झालेली फडकी. भिंतीपाशी एक उंच लोखंडी कपाट, हत्यारं कुलुपात ठेवायला. हे कपाट थोडं तिरकं उभं आहे. त्याच्या मागे मागचं दार. त्या दाराने कुणी आत आलं, तर बाकावर बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. नुसता आवाज येतो.

हे कपाट लक्षात ठेवा.

आजोबांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांनी दुकानात एक नियम घालून दिला होता. हत्यार कपाटातून काढायचं एकाने, काम करायचं दुसऱ्याने. काढणाऱ्याने गोळी बसते त्या प्रत्येक भोकात करंगळी घालून बघायचं आणि मगच बाकावर ठेवायचं. काम करणाऱ्याने हात लावण्याआधी मोठ्याने विचारायचं, "रिकामं?"

काढणाऱ्याने जिथे असेल तिथून उत्तर द्यायचं, "रिकामं."

उत्तर आल्याशिवाय चापाला हात लागत नसे. मी लहानपणी विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही स्वतःच का नाही बघत?"

"स्वतःचे डोळे लाडावलेले असतात," ते म्हणाले होते. "आपल्याला जे हवं तेच दाखवतात. दुसऱ्याचे डोळे आपले लाड करत नाहीत."

आत्या आणि आजोबा, दोघांनी मिळून हा नियम वर्षानुवर्षं पाळला. आत्याचं लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे तिने केलं नाही. सासरचे लोक पेचकस हातात धरू देतील याची खात्री नव्हती म्हणे.

तर, उन्हाळा संपता संपता संग्रहालयाच्या बाई एक जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर घेऊन आल्या. कुठल्या तरी जुन्या लढाईतलं. नळीवरचे आकडे कुणीतरी कानस मारून पार पुसून टाकलेले.

"याला कुठली गोळी लागते तेवढं सांगा," बाई म्हणाल्या. "काचेच्या पेटीत ठेवायचंय. पाटीवर माप लिहायला हवं."

ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या लष्करी हत्यारांची हीच तर गंमत आहे. चपलेचा नंबर एकच असला तरी एका दुकानाची चावते आणि दुसऱ्या दुकानाची निसटते, तसं. नावाला माप एक, आणि दोन कारखान्यांत बनलेली हत्यारं एकमेकांची गोळी घेत नाहीत. म्हणून प्रत्येकाचं माप वेगळं काढावं लागतं.

बाईंच्या देखत आत्याने त्याच्या चक्रीच्या, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या चाकाच्या, प्रत्येक भोकात करंगळी घातली. रिकामं होतं. आजोबांनीही घातली. रिकामं. मग ते कपाटात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने ते काढलं, पुन्हा बघितलं, बाकावर ठेवलं आणि ती बाजारात तेल आणायला गेली.

परत आली तेव्हा दुकानासमोर गर्दी होती.

आजोबांनी नळी हलते का ते बघायला डावा हात पुढे धरला होता आणि उजव्या हाताने चाप ओढला होता. रिकाम्या हत्याराचा.

डाव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. रिव्हॉल्व्हर, उडालेलं काडतूस आणि खिडकीच्या चौकटीतून काढलेलं गोळीचं शिसं पोलीस घेऊन गेले. आजोबांनी एकच सांगितलं, "चूक माझी. माप बघायला मीच गोळी घातली असेन आणि विसरलो."

झालं. प्रकरण मिटलं. रिव्हॉल्व्हर दुकानात परत आलं. आजोबा मात्र आले नाहीत.

घरात खिडकीशी बसून राहायचे. हातावरचं फडकं सुटलं तरी तो हात शालीतून बाहेर काढायचे नाहीत. बाजारात लोक बोलायला लागले. वस्तादांचं वय झालं. वस्तादांचं लक्ष राहत नाही. ज्यांना आजोबांनी कानस कशी धरायची ते शिकवलं होतं, ते सगळ्यात जास्त बोलत होते. त्यातच निरोप आला, की परवाना खात्याचे साहेब तपासणीला येणार. मुख्य कारागीरच जर गोळी घालून विसरत असेल, तर दुकान चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार.

आत्या भडकली.

"माझे बाबा विसरले? ज्या माणसाला कुणाच्या बंदुकीचा कुठला स्क्रू कुठल्या बाजूने झिजलाय ते झोपेत विचारलं तरी आठवतं, तो माणूस गोळी घालून विसरला? हॅत!"

"तेच म्हणतायत ना पण," माझे बाबा म्हणाले.

"म्हणू दे. मी नाही म्हणत."

तिने ठरवलं. बाई ज्यासाठी आल्या होत्या तेच करायचं. त्या रिव्हॉल्व्हरचं खरं माप काढायचं. आजोबांनी दुकानातली एखादी गोळी घालून बघितली असेल, तर ती त्यात बसायला हवी. बसत नसेल, तर आजोबांची चूक नाही. इतकं सरळ.

सगळ्यांनी अडवलं. बाबांनी, आईने, आजोबांनी तर हात जोडले. "पोरी, त्याला हात लावू नकोस. माझं नाव गेलं ते गेलं."

"तुमचं नाव तुमच्या एकट्याचं नाहीये, बाबा. दुकानाच्या पाटीवर आहे. मी रोज त्याच्याखालून आत जाते."

आणि तो मंगळवार उजाडला.

आत्या एकटीच होती. तिने आधी दुकानातली प्रत्येक जातीची काडतुसं बाकावर मांडली. एकेक उचलून चक्रीच्या भोकाशी लावून बघितलं. जाड होती ती तोंडाशीच अडली. बारीक होती ती आत जाऊन खुळखुळली, आणि इतकी खोल घसरली की मागून आपटणारा घोडा तिथपर्यंत पोहोचतच नव्हता.

एकही बसत नव्हतं. एकही.

तिने कमरेवर हात ठेवले आणि रिकाम्या खोलीला सांगितलं, "बघा!"

पण आत्या अर्धवट काम करणाऱ्यातली नाही. काय बसत नाही ते कळलं. आता काय बसतं ते कळायला हवं होतं. तिने चक्री काढून बाजूला ठेवली. मऊ शिशाचा गोळा तेलात बुडवला, नळीच्या तोंडाशी धरला आणि लाकडी दांडीने हळूहळू ठोकत आत सरकवला. शिसं नळीतून जाताना आतल्या पिळाचा, म्हणजे वळत गेलेल्या खाचांचा, ठसा घेतं. दुसऱ्या तोंडातून बाहेर पडलं की ते मापायचं. मग चक्रीच्या भोकांची तोंडं मापायची. दोन्ही जुळली की गोळी किती जाड हवी ते कळतं.

शेजारच्या छापखान्यातलं यंत्र धडधडत होतं. ती ठोकत होती.

टक. टक. टक.

शिसं निघालं. तिने मायक्रोमीटर लावला. भोकं मापली. माप असं आडमुठं निघालं की ती गालात हसली. असल्या मापाची गोळी दुकानातच काय, बाजारातही मिळाली नसती. मुद्दाम ओतूनच घ्यावी लागली असती.

मग आजोबांच्या हाताला लागलेली गोळी आली कुठून, हा प्रश्न तिला त्या क्षणी पडलाच नाही. ती जिंकली होती ना. जिंकलेल्या माणसाला प्रश्न उशिरा पडतात.

तिने चक्री परत बसवली. एकच काम राहिलं होतं. घोडा बरोबर भोकासमोर पडतो का ते चाप ओढून बघायचं. तिने रिव्हॉल्व्हर उचललं. डावा हात नळीखाली धरला. आणि सवयीने...

"रिकामं?"

शेजारचं यंत्र थांबलं.

एकदम. मधेच.

आणि कपाटामागून...

"रिकामं."

आजोबांचा आवाज.

आत्या सांगते, पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. वाटलं, बाबा आले शेवटी. मागच्या दाराने आले. किती महिन्यांनी तो आवाज त्या खोलीत ऐकू आला होता. तिचं बोट चापावर गेलंसुद्धा.

आणि थांबलं.

कारण आजोबा असं उत्तर देत नाहीत. कधीच नाही. हत्यार सकाळी बघितलेलं असलं तरी आजोबा विचारल्यावर उठतात. येतात. पुन्हा करंगळी घालतात. एकदा खोकतात. आणि मग म्हणतात. आत्या त्यावरून त्यांना कायम चिडवायची, की तुमचं उत्तर येईपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं.

हे उत्तर लगेच आलं होतं. जणू प्रश्नाची वाटच बघत होतं.

"बाबा?"

कुणी बोललं नाही.

तिने चापावरचं बोट काढलं. कपाटामागे जाऊन बघितलं.

मागच्या दाराला आतून कडी होती.

खुंटीवर आजोबांचा कामाचा डगला लटकत होता. तो हलत नव्हता. काहीच हलत नव्हतं.

ती परत बाकापाशी आली आणि चक्री उघडली. आत्ताच, स्वतःच्या हाताने, रिकामी बसवलेली चक्री.

एका भोकात काडतूस होतं.

घोड्याच्या बरोबर समोरच्या.

जुनं, काळपट, तळाशी हिरवट गंज चढलेलं. पण पुढचं शिसं नुकतं ओतल्यासारखं चकचकीत. ते सहज निघालं. पुन्हा घातलं तर तेवढंच सहज बसलं. ना अडलं, ना खुळखुळलं. तिने मायक्रोमीटर लावला.

तेच माप.

तिने इतका वेळ खपून काढलेलं माप कुणीतरी तिच्या हातात आणून ठेवलं होतं.

आणि ते काडतूस... कोमट होतं. कुणीतरी इतका वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखं.

तुम्ही असता तर पळाला असता. मी तर चपलाही घातल्या नसत्या.

आत्याने काडतूस तेलाच्या डबीत टाकलं, झाकण घट्ट लावलं, आणि कपाटाकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या बाबांचा आवाज काढायची हिंमत होतेच कशी तुझी? समोर ये. ये ना! कपाटामागे लपून काय बोलतोस?"

कुणी आलं नाही.

शेजारचं यंत्र पुन्हा सुरू झालं. तिने नंतर छापखानेवाल्याला विचारलं, की मधेच बंद का केलं होतं. तो म्हणाला, ताई, सकाळपासून एकदाही बंद केलं नाही.

घरी जाईपर्यंत आत्याच्या डोक्यात सगळं जुळत गेलं होतं. ती थेट आजोबांसमोर जाऊन बसली. मी तिथेच होते, हे मी स्वतः ऐकलंय.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही चाप ओढायच्या आधी विचारलं होतं की नाही?"

आजोबांनी शाल सारखी केली.

"नियम तुम्ही केलात. तुम्ही न विचारता हात लावणार नाही. विचारलं होतं ना?"

"जाऊ दे ना आता."

"बाबा!"

आजोबांनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "विचारलं होतं."

"उत्तर आलं?"

"आलं."

"कुणाचं?"

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं आत्या अजूनही म्हणते.

"तुझं," ते म्हणाले. "कपाटामागून. मला वाटलं, आलीस बाजारातून."



"मी बाजारात होते," आत्या म्हणाली. "मी तेव्हाही सांगितलं होतं. मी दुकानात नव्हतेच."

"हो, सांगितलंस."

"आणि तुम्हाला ते खोटं वाटलं."

"अगं, घाबरली असशील. सकाळी बघायचं राहून गेलं असेल, सवयीने 'रिकामं' म्हणून गेली असशील, आणि नंतर... माणूस आहे. होतं." आजोबांनी शालीतला हात आणखी आत ओढला. "मी मुद्दामच सांगितलं, की मी विसरलो. माझं काय, दिवस भरलेत माझे. तुला अजून पुढे दुकान चालवायचंय."

आत्या उठून उभी राहिली. मी तिला आयुष्यात रडताना बघितलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही.

"इतके महिने... इतके महिने तुम्ही माझं पाप समजून स्वतःच्या अंगावर घेऊन बसलात? आणि मी जगाशी भांडत होते, की माझे बाबा चुकत नाहीत!"

मग तिने दुपारचं सगळं सांगितलं. आवाज, कडी, काडतूस. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मान डोलावली. आणि तिचा हात थोपटला.

विश्वास बसला नव्हता त्यांचा. लहान मूल दिवा फोडून मांजराचं नाव सांगतं ना, तेव्हा आपण कशी मान डोलावतो, तशी ती मान होती.

आत्याला गोळीपेक्षा ते थोपटणं जास्त लागलं.

"उद्या दुकानात यायचं," ती म्हणाली. "माझ्यासोबत. नाही आलात तर परवाना खात्याच्या साहेबांना मीच सांगते, की मी गोळी ठेवली."

आजोबा आले.

किती महिन्यांनी ते बाकावर बसले. आत्याने त्यांच्यासमोर मागच्या दाराची कडी लावली. त्यांच्यासमोर रिव्हॉल्व्हर काढलं, प्रत्येक भोकात करंगळी घातली. रिकामं होतं. बाकावर ठेवलं. तेलाची डबी काढून दाखवली. आजोबांनी काडतूस हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "कुठून ओतून घेतलंस?" एवढंच विचारलं.

आत्याने काडतूस परत डबीत टाकलं. दातांवर दात ठेवून कामाला लागली.

सकाळ गेली. काही नाही.

दुपार झाली. काही नाही.

तिने मुद्दाम विचारून बघितलं. "रिकामं?" कपाट आपलं कपाटासारखं उभं. शेजारचं यंत्र धडधडत होतं.

"चल गं, घरी जाऊ," आजोबा मायेने म्हणाले. "तुझ्या समाधानासाठी आलो. झालं ना?"

"नाही झालं."

तिने रिव्हॉल्व्हरची बाजूची पट्टी उघडली होती. घोड्याची स्प्रिंग ढिली वाटत होती. पट्टी परत बसवताना बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून कारागीर ते ओठांत धरतात. तिने तसेच धरले होते, तीन-चार. एकेक काढून बसवत होती. चाप कसा ओढला जातो ते आजोबांनी बघावं म्हणून तिने न बोलता रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे सरकवलं.

आजोबांनी ते उचललं. आणि आयुष्यभराच्या सवयीने, स्वतःच्याही नकळत...

"रिकामं?"

शेजारचं यंत्र थांबलं.

आणि कपाटामागून, अगदी स्पष्ट...

"रिकामं."

आत्याचा आवाज.

हुबेहूब. तोच थोडा घोगरा. तोच थोडा उर्मट.

आजोबांनी आत्याकडे बघितलं. आत्या त्यांच्या समोर, हातभर अंतरावर बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. ओठांतून स्क्रूंची टोकं बाहेर आलेली.

आजोबा तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

आत्या म्हणते, तेवढा वेळ तिला ना भीती वाटली, ना थंडी. तिला फक्त बाबांचा चेहरा दिसत होता. इतके महिने त्या चेहऱ्यावर बसलेलं काहीतरी तिच्या डोळ्यांदेखत उठून गेलं.

"तू नव्हतीस," आजोबा म्हणाले. "पोरी... तू नव्हतीस."

तिने मान हलवली. स्क्रू तोंडात होते, आणि आता तिला ते काढताही येईनात, कारण ओठ उघडले असते तर ती मोठ्याने रडली असती.

आजोबांनी शालीतून डावा हात बाहेर काढला. सगळ्यांपासून लपवलेला तो हात त्यांनी बाकावर ठेवला. चक्री उघडली. उरलेल्या बोटांनी, एकेका भोकात, सावकाश...

थांबले. एकदा खोकले.

"रिकामं नाही," त्यांनी कपाटाला ऐकवलं.

आणि काडतूस काढून ठक्‌ करून बाकावर उभं केलं.

मग ते उठले. काठी नाही, आधार नाही. कपाटापाशी गेले. आत्या सांगते, आजोबांचा तो आवाज तिने लहानपणानंतर कधी ऐकला नव्हता.

"माझी बोटं घेतलीस, घे. म्हाताऱ्याची बोटं, काय करशील त्यांचं? पण माझ्या लेकीवरचा माझा भरवसा घेतलास तू. तो मी परत घेऊन चाललोय. आता काय करायचं ते कर!"

कपाटामागे डगला खुंटीवरून खाली पडला.

तेवढंच.

साहेब तपासणीला आले तेव्हा काउंटरवर आजोबा बसले होते, हात उघडा टाकून. आत्याने साहेबांना दुकानातली काडतुसं एकेक लावून दाखवली. एकही बसेना. साहेबांनी स्वतः लावून बघितली. घाम पुसला.

"मग ती गोळी आली कुठून?"

"ते तुमच्या चौकशीने शोधायचं, साहेब," आत्या म्हणाली. "आम्ही माप काढून देतो. ते काढलंय."

परवाना राहिला. बाजारातली तोंडं बंद झाली. आजोबा पुन्हा रोज दुकानात जायला लागले.

संग्रहालयाच्या बाईंना त्यांनी माप कागदावर लिहून दिलं, पण रिव्हॉल्व्हर दिलं नाही. बाई चिडल्या, वर तक्रार करीन म्हणाल्या. आजोबांनी त्यांना बसवून सगळं सांगितलं. बाई पेला उचलून पाणी प्यायल्या आणि पुन्हा कधी ते मागायला आल्या नाहीत. दुसऱ्याच्या गळ्यात हा धोंडा बांधायचा नाही, असं आजोबांचं म्हणणं. आमचं आहे, आमच्या डोळ्यांसमोर राहू दे.

ते कुणाचं होतं, आकडे कुणी पुसले, कपाटामागे कोण उभं असतं, यातलं काहीच आम्हाला कळलं नाही. शोधायलाही कुणी गेलं नाही.

फक्त नियम बदलला. आता त्या दुकानात कुणी काही विचारत नाही. दोघांनीही एकमेकांच्या डोळ्यांसमोर करंगळी घालून बघायचं आणि एकमेकांकडे बघून मान हलवायची. तोंडातून शब्द काढायचा नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मलाही तसंच वाटत होतं.

मागच्या आठवड्यात मी आत्याला डबा द्यायला दुकानात गेले. दुपारच होती. काउंटरवर कुणी नव्हतं. मी आत डोकावले, तर आत्या बाकावर कानस चालवत बसलेली. मी दारातच उभी होते. अजून हाकही मारली नव्हती.

तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग मागे वळून कपाटाकडे बघितलं.

"तू आत्ता आलीस?"

"हो. का?"

"मागच्या दाराने नाही ना आलीस?"

"नाही गं. पुढूनच येतेय. का?"

आत्याने कानशीवरची धूळ फुंकली.

"काही नाही. सकाळपासून तुझ्या आवाजात बोलतंय."

मी डबा दारातच खाली ठेवला. मी विचारलं, काय बोलतंय.

"नेहमीचंच," आत्या म्हणाली आणि पुन्हा कानस चालवायला लागली. "बोलू दे. इथे विचारतंय कोण त्याला?"